आठवं मत

१

रोवीना पास्को सापडली ती कोबीच्या पेट्यांमध्ये. भोजनगृहाच्या मागच्या बाजूला भाज्या ठेवायची थंड खोली आहे, तिथे भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन ती एका अंगावर कलंडली होती. ओठ निळे पडलेले. हेल्मी राउतियोने बाहेरची कडी काढून दार ओढलं तेव्हा आधी तिला वाटलं, कुणीतरी कोट विसरून गेलंय. मग त्या कोटाच्या बाहीतून हात दिसला.

दाराला आतून मूठ असायला हवी होती. तिच्या जागी नुसतं भोक होतं. आणि बाहेरची कडी आपोआप लागणाऱ्यातली नव्हती, ती हाताने सरकवावी लागे. हे हेल्मीच्या लक्षात आलं ते रुग्णवाहिका निघून गेल्यावर. मग मात्र ती तिथेच बटाट्यांच्या पोत्यावर बसली.

हेल्मी विद्यापीठाच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर असायची, आणि कर्मचारी परिषदेची माजी अध्यक्ष होती. प्राध्यापक सोडून कॉपर बे विद्यापीठात जे कुणी राबतं, म्हणजे कारकून, स्वयंपाकी, नळवाले, बर्फ उपसणारे, त्या सगळ्यांची मिळून ही परिषद. तिथे प्रत्येक पदाधिकाऱ्याला नेमून दिलेलं काम असतं. अध्यक्षाने सभा चालवायची, अध्यक्ष नसेल तर उपाध्यक्षाने. सचिवाने हजेरी घ्यायची आणि टिपण ठेवायचं, खजिनदाराने सभेच्या खाण्यापिण्यापासून सगळा खर्च बघायचा, नियम-सल्लागाराने नियम सांगायचे. माजी अध्यक्षाला मत नाही, आणि एकच काम: विचारल्यास सल्ला देणे. कुणी विचारत नसे. हेल्मी तरी देत असे.

त्या दिवशी दुपारी बाराची सभा होती. रोवीना अध्यक्ष, आणि ती कधी उशीर करणाऱ्यातली नव्हे. दहा मिनिटं वाट पाहिल्यावर सचिव ग्रेटा लिंडवॉल हेल्मीच्या कानाशी आली. "हेल्मी, तुम्ही जरा बघून येता का? तुम्हाला सगळे कानेकोपरे माहीत आहेत."

हेल्मी दारापाशी गेली. त्या गावात हिवाळ्यात कुणी बूट घालून आत येत नाही. दाराशी लांब मांडणी असते, तिच्यावर बूट ठेवायचे आणि आतल्या सपाता चढवायच्या. मांडणीवर प्रत्येकाची जागा वर्षानुवर्षांची. हेल्मीची मधली, रोवीनाची दाराजवळची, नियम-सल्लागार डेंझिल ट्रेवॅरोची अगदी शेवटची, खिडकीखालची. रोवीनाची जागा रिकामी होती. म्हणजे बाई बाहेर कुठेतरी होती. हेल्मीचे बूट कुणीतरी सरकवून पार टोकाला नेले होते, ते ओढायला ती खिडकीपर्यंत गेली आणि तिचा मोजा शेजारच्या बुटांतून गळलेल्या डबक्यात बुडाला. ओला मोजा तसाच बुटात कोंबून, बर्फाला आणि बूट सरकवणाऱ्याला शिव्या देत ती अंगणात उतरली.

आता पोत्यावर बसल्या बसल्या तिला एकच गोष्ट खात होती. रोवीनाला कुणीतरी हाताने कोंडलं होतं, आणि ज्यांच्यासोबत हेल्मी अर्ध्या तासापूर्वी बसली होती त्यांच्यातल्याच कुणीतरी.

२

ती परत आली तेव्हा सभागृहात मतदान होऊन गेलं होतं.

ठराव होता सफाईवाल्यांचा आणि बर्फ उपसणाऱ्यांचा. ती सगळी फौज मोडून काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं विद्यापीठाने ठरवलं होतं. उद्या दुपारी विश्वस्त त्या करारावर सह्या करणार होते. कर्मचारी परिषदेने दोन तृतीयांश मतांनी हरकत घेतली तर मात्र विश्वस्तांना वसंतापर्यंत थांबावं लागतं, असा जुना नियम आहे. वसंतात राज्याच्या निवडणुका होत्या, त्या तोंडावर गावातल्या नोकऱ्या घालवायला कुणी धजलं नसतं. म्हणजे सगळं त्या एका ठरावावर टांगलेलं होतं.

अध्यक्ष सोडून परिषदेत बारा मतं. त्यातली आठ ठरावाच्या बाजूची, चार विरुद्ध, हे गावातल्या केशकर्तनालयातसुद्धा ठाऊक होतं. बारातली आठ म्हणजे बरोबर दोन तृतीयांश.

पण पडली सात विरुद्ध चार. ठराव बोटभर कमी पडून पडला.

"आठवं कुठे गेलं?" हेल्मीने विचारलं.

अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या आर्नी कोस्केलाने हातोडा खाली ठेवला. आर्नी उपाध्यक्ष, आणि बर्फ उपसणाऱ्यांचा मुकादम. तो हेल्मीच्या शेजारच्या घरात वाढलेला, तिला मावशी म्हणणारा. ठराव त्यानेच आणला होता.

"आठवं माझं होतं, मावशी," तो म्हणाला. "खुर्चीत बसलेल्याला मत नसतं. बरोबरी झाली तरच. डेंझिलला विचारलं मी, सगळ्यांसमोर."

हेल्मीने रोवीनाचं सांगितलं. मग आर्नीने शहाणपण दाखवलं. त्याने सभा संपवली नाही, उद्या सकाळी नऊपर्यंत तहकूब केली.

तासाभरात विद्यापीठाच्या पोलिसांचा लेफ्टनंट हिक्स आला. जाडजूड, सर्दीने बेजार झालेला माणूस. त्याने आर्नीला समोर बसवलं आणि हेल्मीला, रोवीनाला शोधून काढणारी म्हणून, कोपऱ्यात बसू दिलं.

"त्या दाराची मूठ तुटल्याची तक्रार महिनाभर कुणाच्या खात्यात पडून आहे?"

"आमच्या," आर्नी म्हणाला.

"साडेअकराला भोजनगृहामागचं अंगण कोण साफ करत होतं?"

"मी. यंत्रावर होतो. पण मी—"

"अध्यक्ष आली नाही तर खुर्ची कुणाला मिळते?"

आर्नीचे कान लाल झाले. हिक्सने नाक पुसलं.

"उद्या दहा वाजता वकील घेऊन ये, पोरा. आणि बाई, तुम्ही याला सल्ला देऊ नका."

"सल्ला देणं हेच माझं काम आहे," हेल्मी म्हणाली. पण तिच्याही मनात पाल चुकचुकली होती. आर्नीला खुर्चीची हौस होती, हे तिला लपवता येण्यासारखं नव्हतं. रोवीना ठरावाला वेळ मिळू देणार नाही, असं तो गेल्याच आठवड्यात तिच्या स्वयंपाकघरात बसून बडबडला होता.

३

खजिनदार लिओ बुशारकडे ती आधी गेली, कारण तो तिला मुळात आवडत नसे. लिओ अर्थखात्यात बसायचा. बाहेरच्या कंपनीचा प्रस्ताव त्याच्याच टेबलावर शिजला होता, आणि विरुद्ध चार मतांचा म्होरक्या तोच.

तो टेबलावर मांस-बटाटा भरलेली पास्टी खात होता. पास्टीवर टोमॅटोचं सॉस ओतलेलं पाहून हेल्मीचं मत त्याच्याबद्दल आणखी वाईट झालं.

"सभेचं खाणं तू मागवतोस ना?"

"मागवतो. आणि आजही वेळेवर आणलं होतं, सकाळी अकराला, माझ्या हाताने, सभागृहात. थंड खोलीत काय ठेवायचंय? पास्टी थंड कोण खातं?" त्याने तोंड पुसलं. "तू मला चोर ठरवायला आली आहेस. ठरव. सगळे ठरवतातच."

"तू जिंकलास, लिओ."

"जिंकलो. आणि मला अजून कळलेलं नाही कसा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी हरायच्याच तयारीने आलो होतो. आठ विरुद्ध चार, मला मोजता येतं. तो पोरगा खुर्चीत बसला तरी मी म्हटलं, आता हा वरून मत देणार. सात म्हटल्यावर मीच ओरडलो, पुन्हा मोजा म्हणून. विचार कुणालाही."

"खुर्चीत बसलेल्याला मत नसतं, तुला माहीत नाही? इतकी वर्षं परिषदेत बसतोस."

"मला उलटंच माहीत होतं. तू अध्यक्ष होतीस, गाडीतळाचं भांडण आठवतं? तुझ्याच मताने मी आपटलो होतो तेव्हा. अध्यक्ष होतीस आणि मत दिलं होतंस. मग आता नियम कधी बदलला?"

हेल्मीने खरंच मत दिलं होतं.

बाहेर येऊन तिने परिषदेतल्या दोघांना विचारलं. दोघांनी हसत सांगितलं, होय, पुन्हा मोजा म्हणून ओरडणारा जिंकलेला लिओच होता. ज्याने डाव रचला तो आपलाच डाव मोडायला बोंब ठोकत नाही. लिओ नावडता होता, पण निर्दोष होता. हेल्मीला याचं थोडं वाईटच वाटलं.

मग उरला कोण? आर्नी. पुन्हा आर्नीच.

४

नोंदणी कार्यालय सभागृहाच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. तिथे दाराजवळच्या टेबलावर ग्रेटा आणि आतल्या काचेच्या खोलीत तिचा वरिष्ठ डेंझिल. ग्रेटाचे डोळे सुजले होते.

"मी तुम्हाला पाठवलं म्हणून लोक माझ्याकडे बघतात," ती म्हणाली. "म्हणतात, हिला माहीत असणार."

"तू मला का पाठवलंस, ग्रेटा?"

"कुणालातरी पाठवायलाच हवं होतं ना. डेंझिल म्हणाला, हेल्मीला पाठव, तिला सगळे कानेकोपरे माहीत. मग मी..." ती थांबली. "तुम्हाला माझाच संशय येतोय का?"

"मला सगळ्यांचा येतोय. त्या तुटक्या मुठीचं कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना. मागच्या महिन्यात तक्रार मीच वाचून दाखवली सभेत. आर्नी म्हणाला, उद्या करतो."

"त्याचा उद्या म्हणजे पुढचा हिवाळा," हेल्मी पुटपुटली. ग्रेटा हसली नाही. नवरा कामाला होता ती कागद गिरणी बंद पडल्यापासून ती क्वचितच हसायची. घर तिच्या एकटीच्या जिवावर चाललं होतं, आणि तरीही ती ठरावाच्या बाजूने उभी होती. सफाईवाल्यांत तिची आई होती म्हणून नव्हे. आई केव्हाच वारली. नुसतं बरोबर आहे म्हणून.

डेंझिलने हेल्मीला पाहताच कॉफी ओतली. दोघांची मैत्री जुनी. दर शुक्रवारी चर्चच्या तळघरातल्या मासळीच्या जेवणाला ती, डेंझिल आणि त्याची बायको एकाच टेबलावर असत. नियम-सल्लागाराला मत नसतं आणि बाजूही नसते, त्यामुळे त्याच्याशी बोलताना बरं वाटे.

"भयंकर झालं," तो म्हणाला. "मी सातला आलो तो इथेच. खिडकीबाहेरसुद्धा बघितलं नाही, इतकं काम. बाराला खाली उतरलो, बस. नाहीतर कदाचित काही दिसलं असतं."

"तुला काय वाटतं?"

त्याने चष्मा काढून पुसला. "मी कुणाचं नाव घेणार नाही. पण तरुण माणसाला हातोडा धरायची घाई असते. त्याला वाटलं असेल, खुर्ची आली की सभा आपली. खुर्चीत बसलं की तोंडाला कुलूप लागतं, हे त्याला माझ्याकडून कळलं तेव्हा त्याचा चेहरा बघायचा होतास तू."

"म्हणजे त्याने नियम न वाचता डाव टाकला आणि स्वतःच तोंडघशी पडला."

"मी म्हणत नाही. तू म्हणते आहेस."

हिक्सही तेच म्हणणार होता. सगळं अगदी नीट बसत होतं. हेल्मी जिना उतरली तेव्हा तिला आर्नीच्या आईला तोंड कसं दाखवायचं, एवढाच प्रश्न होता.

५

रोवीना शुद्धीवर आली होती. इस्पितळात तिला तीन पांघरुणांत गुंडाळलं होतं, आणि ती नर्सवर खेकसत होती, हे चांगलं लक्षण होतं.

"फोन आला," ती म्हणाली. "पुरुषाचा आवाज, खोकणारा, घोगरा. म्हणे, खाणं थंड खोलीत अडकलंय, तुम्ही या. मला अर्धं ऐकू येतं, हेल्मी, आणि अर्ध्या विद्यापीठाला खोकला आहे. मला वाटलं स्वयंपाकी. गेले. आत पाऊल टाकलं आणि मागून दार."

"आर्नीचा आवाज?"

"आर्नी फोनवर ओरडतो. हा कुजबुजत होता." रोवीनाने डोळे मिटले. "काय झालं ठरावाचं?"

"पडला."

"पडला कसा? माझं तर मतच नव्हतं. मी असले काय, नसले काय."

हेल्मी दारापर्यंत गेली होती, ती तिथेच थबकली.

असले काय, नसले काय. रोवीनाला मत नव्हतं, मग तिला कोंडून कुणाचा काय फायदा? सगळे विचारत होते, रोवीना गेली तर खुर्ची कुणाला मिळते. कुणी हे विचारलं नाही, की खुर्ची मिळाली तर मत कुणाचं जातं.

कोंडायचं रोवीनाला नव्हतंच. गप्प करायचं होतं आर्नीला.

मग आर्नीलाच का कोंडलं नाही? हेल्मी इस्पितळाच्या लांबलचक वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत राहिली. एक परिचारिका तिला रुग्ण समजून हाताला धरून खाटेकडे नेऊ लागली, तेव्हा कुठे ती थांबली. कारण सभासद आला नाही तर त्याच्या खात्यातला पर्यायी सभासद त्याच्या जागी बसतो. आर्नीची पर्यायी टूला, ती तर ठरावासाठी दोन्ही हात वर करणारी. आर्नीला गायब केलं असतं तर मत तिथेच राहिलं असतं. पण आर्नी खुर्चीत बसला की तो हजर ठरतो, टूलाला बसता येत नाही, आणि त्याचं मत मात्र जातं. मत चोरायचा एवढा एकच रस्ता होता, आणि तो नियम कोळून प्यायलेल्यालाच दिसला असता.

आणि गाडीतळाचं भांडण. तिने मत दिलं होतं हे लिओचं खरं होतं. पण खुर्चीत बसून दिलं नव्हतं. कुणीतरी तिच्या कानाशी वाकून म्हणालं होतं, हातोडा सोड, दुसऱ्याला दे, खाली येऊन बस, मग मत तुझं. कोण म्हणालं होतं, हे आठवायला तिला कष्ट पडले नाहीत.

तोच माणूस आज आर्नीला इतकंच म्हणाला, खुर्चीला मत नाही. खाली उतरायचं बोलला नाही. आणि आर्नी खाली उतरला तर हातोडा ज्या माजी अध्यक्षाकडे जातो, तिला त्याने आधीच अंगणात धाडलं होतं.

हेल्मीने खाली वाकून आपल्या बुटाकडे पाहिलं. मोजा अजून ओला होता. मांडणीच्या टोकाला, खिडकीखाली, तिच्या बुटांशेजारचे ते निथळणारे बूट कुणाचे होते? आणि ते डबकं कुणाच्या जागेखाली होतं? बाकीचे सगळे बर्फातून आले होते, त्यांच्या बुटांतून पाणी गळणं साहजिक. पण सातपासून वरच्या मजल्यावर बसलेल्या माणसाच्या बुटांना दुपारी बारा वाजता पाणी कुठून?

तिला रडू आलं. पुरावा मिळाल्याचा आनंद बिनंद काही नव्हता, शुक्रवारच्या टेबलावरची एक खुर्ची गेली होती.

६

सकाळी पावणेनऊला सभागृहामागच्या छोट्या खोलीत तिने पाच जणांना बसवलं. आर्नी, लिओ, ग्रेटा, डेंझिल आणि नाक पुसणारा हिक्स.

तिने एकामागून एक सगळं सांगितलं. हिक्सला नियम समजायला दोनदा सांगावं लागलं. लिओला एकदाच, आणि तो म्हणाला, "म्हणजे मी चोरीच्या मतावर जिंकलो." सगळे डेंझिलकडे बघत होते.

"तर्क आहे," डेंझिल शांतपणे म्हणाला. "बूट ओले असतील. सकाळचे राहिले असतील."

"पाच तास? त्या मांडणीमागे वाफेचा नळ जातो, डेंझिल. तिथे तासाभरात कातडं तडकतं."

"आणि मी नियम चुकीचा सांगितला का?"

"नाही. खरा सांगितलास. पुरता सांगितला नाहीस."

"मला जेवढं विचारलं तेवढं मी सांगतो. तीच माझी नेमणूक आहे."

"मला गाडीतळाच्या वेळी विचारल्यावाचून सांगितलं होतंस."

तो बोलायला लागला आणि थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. मग हळूच म्हणाला, "भाज्यांची खोली आहे ती. बर्फाची नाही. साडेबाराला स्वयंपाकी येतो, दार उघडतो. रोज येतो."

"काल तो तापाने घरी होता," हिक्स म्हणाला.

"मला माहीत नव्हतं." डेंझिल म्हणाला. "देवाशपथ मला माहीत नव्हतं. मी सभेत बसलो होतो आणि घड्याळ बघत होतो."

"पण का?" हे ग्रेटाने विचारलं. "तुम्हाला सफाईवाल्यांनी काय केलं होतं?"

डेंझिल तिच्याकडे बघेना. हेल्मीला एकदम नको वाटलं. इथेच थांबावं, पुढचं ऐकू नये असं वाटलं, पण प्रश्न विचारून झाला होता.

"त्यांनी काही केलं नाही," तो म्हणाला. "मला शरद ऋतूत वर बोलावलं होतं. सफाईचा करार अडला तर खर्च दुसरीकडून कापायचा, आणि दुसरीकडे म्हणजे आपलं कार्यालय. बाहेरची सगळी टेबलं. कुणाला सांगायचं नाही, अशी तंबी दिली. मी काय करायला हवं होतं? मला मत नाही. बोलायची परवानगी नाही. माझ्याकडे नियमांखेरीज दुसरं होतं काय?" आता त्याने तिच्याकडे पाहिलं. "पहिलं नाव तुझं होतं, ग्रेटा. तू सगळ्यांत नवीन."

ग्रेटाच्या हातातली पेन्सिल टेबलावर घरंगळत गेली आणि लिओने ती उचलून दिली.

हिक्स उठला. हेल्मीने हात केला. "एक मिनिट. हा अजून नियम-सल्लागार आहे. डेंझिल, मी विचारते आहे. सभा तहकूब आहे, संपलेली नाही. कालचा निर्णय फिरवता येतो का? या वेळी पुरतं सांग."

डेंझिलने चष्मा डोळ्यांवर चढवला. तो खोटं बोलू शकला असता, आणि खोलीतल्या कुणालाही ते कळलं नसतं.

"फेरविचाराचा ठराव आणता येतो," तो म्हणाला. "पण जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यानेच आणायचा असतो. हरलेल्याला तो हक्क नाही. आणि आर्नी, तू खुर्चीत बसू नकोस. हातोडा हेल्मीला दे."

मग तो हिक्सबरोबर मागच्या दाराने गेला. जाताना त्याने सपाता काढून बूट घातले, नाड्या नीट बांधल्या. हेल्मीने मान फिरवली.

जिंकलेल्या बाजूचा खोलीत एकच माणूस उरला होता. आर्नीने त्याच्याकडे पाहिलं, पण मागायला त्याची जीभ वळेना.

"माझ्याकडे असं बघू नका," लिओ म्हणाला. "तो करार चांगला आहे. मी लिहिलाय." तो दाराकडे निघाला. "मी पुन्हा विरुद्धच मत देणार, आधीच सांगतो."

७

नऊ वाजता हेल्मी खुर्चीत बसली. आर्नी खाली, आपल्या खात्याच्या जागेवर. मागच्या भिंतीशी सफाईवाले आणि बर्फ उपसणारे उभे होते, मोज्यांवरच, टोप्या हातात घेऊन. रात्रपाळी संपवून ते थेट आले होते.

लिओ बुशार उभा राहिला. घसा साफ केला. "कालच्या निर्णयाचा फेरविचार व्हावा, असा ठराव मी मांडतो. मला हा ठराव पाडायचाय. पण असा नाही."

फेरविचार मान्य झाला. मूळ ठराव पुन्हा मतदानाला आला. फेरविचारात हात वर करायची पद्धत नाही, नावं पुकारली जातात, आणि ती पुकारते सचिव. तिचं स्वतःचं नाव ती शेवटी घेते.

ग्रेटा उभी राहिली. आवाज स्वच्छ होता. एकेक नाव, एकेक उत्तर. लिओने कबूल केल्याप्रमाणे 'नाही' म्हटलं आणि खाली बसून छताकडे बघत राहिला. आर्नीने 'होय' म्हटलं तेव्हा भिंतीशी उभ्या एका म्हातारीने डोळे पुसले. ते सातवं होतं. विरुद्ध चार झाली होती.

हेल्मीला काहीच करता येत नव्हतं. खुर्चीत बसलेल्याला मत नसतं. तिला वाटत होतं, ओरडून ग्रेटाला सांगावं, पोरी, तू 'नाही' म्हटलंस तरी तुला कुणी नावं ठेवणार नाही. आणि त्याच वेळी भिंतीशी उभ्या माणसांकडे बघून तिला वाटत होतं, ठेवतील, आणि मीही ठेवीन. दोन्ही खरं होतं आणि दोन्हीची तिला लाज वाटली.

आर्नी मान खाली घालून बसला होता. त्याला ठाऊक होतं, मागच्यांना नव्हतं. मागचे नुसते वाट बघत होते.

"लिंडवॉल," ग्रेटाने पुकारलं.

कुणीतरी खोकलं. बाहेर बर्फाचं यंत्र कुठेतरी घरघरत होतं.

"होय," ती म्हणाली, आणि खाली बसून ते लिहून घेतलं.